मधली चौकट

मधल्या चौकटीत आधीच कवंडळं बांधून झाली होती.

श्रीनाथ कापडी पिशवी हातात धरून माटोळीखाली उभा राहिला. उद्या चवथ. खालचा चौरंग अजून रिकामा, आणि त्याच्यावर आढ्याला टांगलेली ती लाकडी जाळी मात्र भरत आलेली: सुपारीचे घोस, तोरंजनं, आंबाडे, एक तांबडा भोपळा, नारळांची अख्खी पेंड. सगळं दर वर्षी असतं तसंच. गणपतीच्या बरोबर डोक्यावर येणाऱ्या मधल्या चौकटीत दर वर्षी कवंडळं असतात, तशी ती होतीही. लाल, गोल, एकाच मापाची. एका मापाची म्हणजे बाजारातली. रानातली वेल कुणासाठी मापं घेत बसत नाही. त्याच्या पिशवीतली कवंडळं काल सकाळी कारापूरच्या मागच्या डोंगरावर, रुमडावर, म्हणजे उंबरावर, चढलेल्या वेलीवरून उतरवलेली होती. एक पोटाशी हिरवं, एक चपटं, एकाला पाखराने चोच मारून कडू लागल्यावर सोडून दिलेलं. हातांवरचे ओरखडे अजून चुरचुरत होते.

"इलंस काका?" स्टुलावर उभा असलेला प्रज्योत, थोरल्या भावाचा मुलगा, सुतळी दातात धरून म्हणाला. "तुका कशाक त्रास म्हणून ही मीच हाडली, पेडण्याच्या बाजारातून. ह्या वयात त्या डोंगरार खय चडत बसतलंस?"

"चडलंय मी," श्रीनाथ म्हणाला.

"मगे झाली ना डबल! दे हय, खय तरी कडेक बांधूया."

आणि त्याने खरोखर प्रेमाने हात पुढे केला. तेच वाईट होतं. श्रीनाथने "ऱ्हावंदे, मागसून बघू" म्हटलं आणि बाहेर येऊन पिशवी स्कूटरच्या सीटखालच्या डब्यात ठेवून दिली. डबा बंद करताना त्याला वाटलं, कुणीतरी छातीवर बोट टेकवून आपल्याला हळूच एक पाऊल मागे सरकवलं आहे; आणि वर बघावं तर समोर कुणीच नाही.

वडिलांनी वाटण्या केल्या होत्या, पण त्या जमिनीच्या नव्हेत, माटोळीच्या. नारळांची पेंड गुरुदासची, कारण तो थोरला. सुपारी आईच्या माहेरची. श्रीनाथच्या वाट्याला कवंडळं आली तेव्हा तो रडला होता म्हणे, सगळ्यांना खायच्या वस्तू आणि आपल्याला हे विष. वडिलांनी त्याला काखेत धरून उचललं होतं, त्यांच्या अंगाला तपकिरीचा आणि ओल्या पंच्याचा वास होता, आणि मधल्या चौकटीपर्यंत त्याचे हात पोचवले होते. देवाच्या माथ्यावर गोडच कशाला पाहिजे, ते म्हणाले होते, कडूसुद्धा कोणीतरी आणून बांधावं लागतं, आणि ते सगळ्यांत धाकट्याने बांधावं, म्हणजे मोठ्यांना लाज वाटते. हे त्यांचं वाक्य होतं की कुठल्या कीर्तनातलं, ते श्रीनाथला कधी कळलं नाही. वडील कीर्तनांना जायचे, तो त्यांच्या मांडीवर झोपायचा, आणि झोपेत ऐकलेलं आणि जागेपणी ऐकलेलं एकमेकांत मिसळून गेलं होतं. पुढे लग्न झालं, डिचोलीला वीज खात्यात नोकरी लागली, तिथेच फ्लॅट घेतला, मूल झालं नाही, आई-वडील गेले. ज्याची वस्तू त्याची चौकट हे तेवढं राहिलं. धारगळच्या ह्या घरात त्याच्या नावाची खोली नव्हती, कपाट नव्हतं. एक चौकट होती. वर्षातून दीड दिवस.

ह्या वर्षी तो काही ठरवून आला होता. येत्या मार्चला तो निवृत्त होणार होता. आनंदीच्या, म्हणजे त्याच्या बायकोच्या कानावर आलं होतं की प्रज्योतने हरमलला भाड्याच्या खोल्यांवर जो नवा मजला चढवला आहे तिथे गुरुदास आणि वहिनी कायमचे राहायला जाणार, आणि गणपतीसुद्धा तिकडेच नेणार. श्रीनाथने तोंडपाठ करावं तसं एक वाक्य करून ठेवलं होतं: दादा, तुम्ही सुखाने जा, पण गणपती हय ऱ्हावंदे, मी आणि आनंदी येऊन ऱ्हवतो, दिवाबत्ती मी करतंय. स्कूटरवर येताना, अस्नोड्याच्या पुलावर, वळणावळणावर ते त्याने म्हणून पाहिलं होतं. माटोळी बांधताना बोलायचं, असं ठरलं होतं. सगळे खाली, माना वर करून उभे असतात, हातात हात देत सुतळ्या पुढे करतात, तेव्हा माणसं जराशी लहान झालेली असतात. पण ती वेळ कवंडळांबरोबर गेली. रात्री अंथरुणावर आनंदीने नुसतं विचारलं, "सांगलंस?" तो म्हणाला, "फाल्यां." म्हणजे उद्या.

चवथीला दुपारी जेवणं झाली, पातोळ्यांच्या हळदीच्या पानांचा वास घरभर राहिला, आणि आता वडील असते तर सारीपाटाचं कापड अंथरलं गेलं असतं. गणपतीला एकटं ठेवायचं नसतं, त्याच्यासमोर बसून काहीतरी करत राहायचं. भजन दमलं की खेळ. चौघांचा डाव, समोरासमोरचे दोघे भिडू. वडील आणि श्रीनाथ एकीकडे, आई आणि गुरुदास दुसरीकडे. वडील कवड्या टाकताना देवाचं नाव घ्यायचे आणि सोंगटी मारताना "मारली!" म्हणून असे ओरडायचे की पडवीतलं कुत्रं उठून बसायचं. पण मारलेली सोंगटी ते कधी फेकायचे नाहीत. ज्याची मेली त्याच्या तळहातावर स्वतः ठेवायचे: "धर. मेली म्हणजे काय झाला? परत बसव." सारीपाटात मेलेली सोंगटी पुन्हा पटावर येते, पहिल्यापासून चालू लागते, हा खेळाचा नियम आहे हे त्याला फार उशिरा कळलं, लहानपणी त्याला ती वडिलांची माया वाटायची.

आता प्रज्योतने सोफ्यापुढच्या मेजावर तीन मोठे खोके आणून ठेवले. हरमलला त्याच्याकडे महिना महिना राहणारे पाहुणे असतात, पावसात समुद्र बंद आणि करायला काही नाही, तेव्हा त्यांच्यासाठी त्याने खेळांची एक खोली केली होती. लोक म्हणे खोलीसाठी कमी आणि खेळासाठी जास्त येतात. ह्या खेळांबद्दल तो बोलायला लागला की त्याला थांबवावं लागे. एके काळी ह्याच पोराला श्रीनाथने कवड्या मुठीत कशा धरायच्या ते शिकवलं होतं.

"बघ काका, जगात ढोबळ तीन जाती," तो म्हणाला. "ही अमेरिकन. नकाशा, सैन्य, फासे. मारामारी. नशीब भरपूर, आरडाओरड भरपूर, आणि जो मेला तो मेला, खेळातून भायर. बाकीचे दोन तास खेळतत, तो चाय करता."

"म्हणजे आमची सत्यवती," गुरुदास म्हणाला. "ती न खेळताच भायर."

"मी चाय केली नाय तर तुमचा सैन्य उपाशी मरतला," वहिनी आतून म्हणाल्या.

"ही दुसरी, जर्मन पद्धतीची," प्रज्योतने मधला खोका थोपटला. "ह्यात कोण कोणाक मारणा नाय. नशीब जवळजवळ नाय. प्रत्येकाक आपापली शेती, आपापला घर. सगळे शेवटपर्यंत खेळतत, कोण भायर जाणा नाय. शेवटाक गुण मोजायचे. सभ्य लोकांचो खेळ. आणि ही तिसरी, सगळ्यांनी मिळून. गावात पूर येता, सगळ्यांनी गाव वाचवायचो. जिकले तर सगळे, हरले तर सगळे."

"तोच काढ," श्रीनाथ म्हणाला.

"तो नाका काका. त्यात एक खोट आसा. एकच कोणतरी शाणो सगळ्यांक सांगत बसता, तू हय जा, तू ता कर. बाकीचे नुसते हात हालयतत."

सगळे गुरुदासकडे बघून हसले. गुरुदासही हसला. श्रीनाथला हसताना जाणवलं की हे खरं होतं आणि तरीही त्याला तोच खेळ हवा होता. वडील गेल्यावर कितीतरी वर्षं गुरुदास सांगत होता आणि तो हात हलवत होता, पण पूर आला तर सगळ्यांच्याच घरात येत होता.

सणाच्या दिवशी मारामारी नको म्हणून दुसरा खोका उघडला. गुरुदास, प्रज्योत, वहिनी आणि श्रीनाथ. आनंदी वाती वळत बाजूला बसली. प्रत्येकापुढे एकेक पुठ्ठ्याचं शेत आणि मूठभर लाकडी माणसं. मधे सगळ्यांचा एक पट, त्यावर चौकटी: इथे लाकूड मिळतं, इथे बी, इथे नांगर, इथे घराला खोली वाढवता येते. आपल्या पाळीला आपला माणूस एका चौकटीत उभा करायचा आणि तिथलं काय ते घ्यायचं. नियम सोपे होते. एकच नियम श्रीनाथने पुन्हा विचारला.

"त्या चौकटीत कोण आदीच उबो आसलो तर?"

"तर तुका जाता येणा नाय. पुढच्या फेरीपर्यंत ती त्याची."

"आणि त्याका काडून टाकूचो आसलो तर?"

"तसा नसता रे काका. ह्या खेळात कोण कोणाक काडणा नाय."

लाकडी माणूस बोटात धरायला गुळगुळीत होता, त्याला तोंड नव्हतं. पहिल्या फेरीत श्रीनाथला मजा आली. त्याने बी घेतलं, पेरलं, एक गाय मिळवली. दुसऱ्या फेरीत त्याला नांगर हवा होता आणि त्याची पाळी यायच्या आधी प्रज्योतचा माणूस नांगरावर उभा राहिला. "मी तुका अडवणा नाय हां काका," प्रज्योत म्हणाला, "माका थय जावचाच होता." मग त्याला लाकूड हवं होतं, तिथे गुरुदास. मग घराची खोली, तिथे वहिनींनी जरा विचार करून, प्रज्योतने डोळ्यांनी दाखवल्यावर, आपला माणूस ठेवला आणि म्हणाल्या, "अगो बाय, तुका होयी होती काय? माका काय म्हायत!" आणि त्यांना खरंच माहीत नव्हतं. कुणी त्याचं काही घेत नव्हतं. त्याचं शेत त्याच्यापुढे होतं, गाय होती, पीक उभं होतं, त्याला कुणी हात लावला नव्हता. फक्त जिथे त्याला जायचं होतं तिथे, त्याच्या एक श्वास आधी, कुणीतरी सहज जाऊन उभं राहिलेलं असायचं. त्याने वर पाहिलं. गणपतीच्या डोक्यावर बाजारातली कवंडळं पंख्याच्या वाऱ्याने किंचित फिरत होती, आणि त्याला एकदम दिसलं की काल जे झालं त्याचे नियम हेच होते. वर्षानुवर्षं हेच नियम होते. फक्त त्याला पट दिसत नव्हता.

आता बोलायला हवं, असं त्याला वाटलं. हातात लाकडी माणूस धरून तो पुढे वाकला, घसा खाकरला. "दादा," तो म्हणाला.

"बरी याद केलंस," गुरुदास म्हणाला. त्याचा माणूस जाऊन दगडांच्या खाणीत उभा राहिला. "तुका सांगायचाच होता. पुढच्या वर्षी चवथ हरमलाक. नव्या घरात. ह्या घर टाइल्सवाल्याक गोदामाक दिला. हायवेलागी आसा ना, त्याका बरा पडता. मगे पावसात पडत ऱ्हवण्यापरीस कोणाच्यातरी उपयोगाक येवंदे."

कुणीच दचकलं नाही. म्हणजे सगळ्यांना ठाऊक होतं. आनंदीची वात वळायची थांबली.

"मी येऊन ऱ्हवणार होतो," श्रीनाथ म्हणाला. "मार्चात सुटतंय मी. हय गणपती मी केलो असतो."

"अरे!" गुरुदासच्या चेहऱ्यावर खरं दुःख उमटलं. "आदी सांगूचा नाय? करार झालो रे बाबू."

"तुझ्या जिवाक कशाक तो भार?" वहिनी म्हणाल्या. त्यांचा आवाज मऊ होता, त्या त्याला कधी टाकून बोलल्या नव्हत्या. "आज तुम्ही दोघां करश्यात. मागसून कोण आसा करूक? हरमलाक येवा ना आरामात. पाहुण्यांसारखी बसा, जेवा, झोपा. तुमका वरची समुद्राची खोली."

"आणि तुका होयो तर तू डिचोलीक आण की दीड दिवसाचो," गुरुदास म्हणाला. "आमची काय हरकत? माझो तर आशीर्वादच."

श्रीनाथच्या कानात वडिलांचं बोलणं घुमलं, चूल वेगळी होऊ दे, विहीर वेगळी होऊ दे, गणपती एक. ह्या वाड्यावर चार घरं सोडून राहणाऱ्या मधुकरने भावाशी न पटून स्वतःचा गणपती आणला, त्याला वीस वर्षं होऊन गेली असतील. मुलांची लग्नं झाली, नातवंडं झाली, पण गावात त्याची ओळख अजून गणपती फोडलेला मधुकर अशीच आहे. का फोडला ते कुणी विचारत नाही. कुणी फोडला तेवढं लक्षात राहतं. म्हणजे आता एकच चौकट मोकळी ठेवलेली होती, आणि तीवर पाऊल टाकलं की वेगळा झालेला तो, श्रीनाथ. बाकीचे आशीर्वाद देणारे. हे त्यांनी ठरवून केलं असतं तर त्याला त्यांच्याबद्दल आदर वाटला असता. त्यांनी ठरवलं नव्हतं. ते चांगली माणसं होती आणि प्रत्येकाला जिथे जायचं होतं तिथेच ती गेली होती.

"काका, तुझी पाळी," प्रज्योत हळूच म्हणाला.

त्याने माणूस ठेवला, कुठे ते त्याला आठवत नाही. खेळ शेवटपर्यंत चालला, ह्या खेळात शेवटपर्यंत बसावंच लागतं. हात हलत राहतो, काही ना काही मिळत राहतं, आणि आपण केव्हाच हरलो आहोत हे मोजणीच्या वेळी कळतं. प्रज्योतने गुण मोजले. प्रज्योत पहिला, गुरुदास दुसरा, वहिनी तिसऱ्या, त्यांना स्वतःचंच आश्चर्य वाटलं. श्रीनाथ शेवटचा. "पयल्याच खेळाक बरे काडलंस काका," प्रज्योत म्हणाला.

"आता तो मारामारीचो काढ," श्रीनाथ म्हणाला.

"देवासमोर लढाई?" वहिनी म्हणाल्या.

"देवांनी काय भजनांच केली फक्त?"

सगळे हसले, वातावरण सैल झाल्याचा आनंद होऊन जरा जास्तच हसले. प्रज्योतने नकाशा अंथरला, प्लास्टिकची सैन्यं वाटली. वहिनी उठल्या, तिघेच राहिले. श्रीनाथला नियम नीट समजले नव्हते, पण फासे कळत होते. त्याने आपलं सगळं सैन्य एका बाजूला ढकललं, गुरुदासच्या. फासे मुठीत धरले तेव्हा मूठ आपोआप कवड्यांसारखी वळली, आणि वडिलांच्या आवाजात तो ओरडला, "मारली!" वातींच्या ताटावरून आनंदीने वर पाहिलं. त्याचं तोंड गरम झालं होतं. ये, असं त्याला भावाला म्हणायचं होतं, ये ना, मार मला. एकदा डोळ्याला डोळा देऊन म्हण, तुझं इथे काही नाही. मी पण म्हणतो की तू आई आजारी असताना तिला डिचोलीला माझ्याकडे पाठवलीस आणि ती बरी व्हायला लागल्यावर परत नेलीस. की वडिलांच्या वर्षश्राद्धाला तू मला उशिराची वेळ सांगितलीस आणि मी आलो तेव्हा पिंड देऊन झाले होते, आणि तू म्हणालास, अरे, भटजीच लवकर इलो. भांडूया. मग मेलेली सोंगटी तू माझ्या हातावर ठेव, नाहीतर मी तुझ्या ठेवतो.

गुरुदासने फासे उचललेच नाहीत. त्याला झोप येत होती. "घे रे," तो जांभई देत म्हणाला आणि आपली शिल्लक शिपायांची फौज ओंजळीने श्रीनाथच्या बाजूला सरकवली. "तुका होया तर सगळा घे. मी पडतंय जरा."

"असा एकाच्याच पाठी लागायचा नसता काका," प्रज्योत म्हणाला, खेळ शिकवणाऱ्याच्या समजूतदार आवाजात. "खेळ मरता."

गुरुदास आत जाऊन पडला आणि लगेच घोरू लागला. श्रीनाथपुढे भावाचं सगळं सैन्य आडवं पडलं होतं, नखाएवढे हिरवे शिपाई, आणि नकाशावर असले-नसलेले सगळे देश होते, धारगळ नव्हतं. त्याला डिचोलीतल्या देवळातलं कीर्तन आठवलं. मागच्या कार्तिकातच बुवांनी शंकर-पार्वतीच्या सारीपाटाचं आख्यान लावलं होतं. देव हरला, त्रिशूळ गेला, डमरू गेला, कमरेचं कातडंसुद्धा गेलं, आणि तो रुसून रानात निघून गेला. मग पार्वती भिल्लीण होऊन त्याला आणायला गेली. मृदंग थांबवून, हसू दाबत बुवा म्हणाले होते, रुसायचं असेल तर खुशाल रुसा बाबांनो, पण आधी बघून घ्या, मनवायला येणारं कोणी आहे ना? सभा खो खो हसली होती, श्रीनाथही हसला होता, टाळी देण्यासाठी त्याने शेजाऱ्याकडे हात केला होता. रुसायलासुद्धा पटावर एक घर लागतं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी, उजेड असतानाच, व्हाळावर, गावच्या ओढ्यावर, विसर्जन झालं. घुमटं वाजत होती, प्रज्योत आणि गुरुदास मूर्ती घेऊन पाण्यात उतरले. मूर्ती गेली की तिच्याखालचा पाट धुऊन, त्यावर व्हाळातली मूठभर रेती घेऊन घरी परतायचं आणि रिकाम्या चौरंगावर ती ठेवायची, हे काम धाकट्याचं. पुढच्या वर्षी येण्यासाठी देवाने मागे ठेवलेली खूण, असं वडील म्हणायचे. श्रीनाथ गुडघाभर पाण्यात वाकला. रेती गार होती, बोटांतून निसटत होती. त्याने ती पाटावर ठेवली आणि पाट छातीशी धरून काठावर आला.

"दे काका, भिजलंस सगळो," प्रज्योतने पाट हळूच काढून घेतला. त्याची गाडी तिथेच उभी होती, डिकी उघडी, आत स्वच्छ टॉवेल अंथरलेला.

"पाट घराक जाता," श्रीनाथ म्हणाला.

"भटजींक इचारला मी. ते म्हणाले, नव्या घरात पयली हीच रेती जावंदे, चांगला आसता." आणि त्याने खाली वाकून पाटाला डोकं टेकवलं. त्यात ढोंग नव्हतं. श्रीनाथला वाटलं, ढोंग असतं तर मी ओढून घेतला असता. त्यानेही वाकून नमस्कार केला, पाटाला, टॉवेलला, डिकीला, जे समोर होतं त्याला. वर उठला तेव्हा बोटांच्या बेचक्यात थोडी रेती चिकटून राहिली होती. ती त्याने धुतली नाही. स्कूटरच्या मुठीवर ती डिचोलीपर्यंत टोचत आली.

सकाळी पाव विकणाऱ्या पोदेराचा भोंपू ऐकून तो जागा झाला. आनंदी स्कूटरचा डबा उघडून उभी होती. तीन रात्री कोंडून ठेवलेली कवंडळं घामेजली होती. पाखराने चोच मारलेलं फुटून आतला हिरवट काळा गर पिशवीला लागला होता. तिने वर दाराकडे बघितलं. दाराच्या चौकटीवर तोरणाचा खिळा होता. तो समजला, आणि मान हलवून नाही म्हणाला. एक खिळा, त्यावर कवंडळं, खाली चौरंग. तेवढंच तर त्यांनी त्याच्यासाठी मोकळं ठेवलं होतं. गटारात ती टाकता येत नव्हती, देवासाठी काढलेली वस्तू. दोघे नदीवर गेले.

वाटेत फोन वाजला, प्रज्योतचा निरोप होता. काका, परवा मोजण्यात चूक झाली, तुझ्या कुंपणाचे गुण धरलेच नव्हते. तू शेवटचो नाय, आई शेवटची. सॉरी हां. खाली हसणारं तोंड. आणि त्याखाली हरमलच्या नव्या देवघराचा फोटो, पाटावर रेती, समई लावलेली.

"काय म्हणता?" आनंदीने विचारलं.

"मी शेवटचो नाय म्हणता."

नदीच्या पायऱ्यांवर कोणी नव्हतं. पाणी मातकट होतं. श्रीनाथ शेवटच्या कोरड्या पायरीवर बसला आणि एकेक कवंडळ पाण्यात सोडू लागला, आधी हिरवट, मग चपटं, मग बाकीची. फुटकं त्याने क्षणभर हातात धरलं, वास घेतला, कडू, रानाचा, वडिलांच्या काखेतून मधल्या चौकटीकडे जाताना यायचा तोच, आणि तेही सोडलं. ती बुडाली नाहीत. लाल पाठी वर काढून तरंगत राहिली, एकमेकांना हलकेच टेकली, आणि मग पुढे जायच्या ऐवजी त्याच्याकडे वळली.

"भरती चडता," आनंदी मागून म्हणाली. "बघून येवचा नाय? आता खय जातली ती?"

समुद्राची भरती इथवर चढते, आणि इतकी वर्षं नदीकाठच्या गावात काढूनही निघताना त्याने ती बघितली नव्हती.

"पुढल्या वर्षी जातलंस डोंगरार?" तिने विचारलं.

"जातलंय."

"कोणासाठी?"

त्याने हात कोपरापर्यंत पाण्यात घातला आणि कवंडळं लोटली, जोराने, शर्ट भिजेपर्यंत, निदान कुणीतरी जोर लावला पाहिजे म्हणून. ती थोडी लांब गेली, घुटमळली, आणि वर चढणाऱ्या पाण्याबरोबर, कुणाशीही न भांडता, त्याच पायरीला येऊन लागली.